नौपाड्यातलं चेस्ट क्लिनिक : हिस्ट्री कशी घ्यायची ते इथे बघावं

खोकला, धाप, दमा असलं काही घेऊन ठाण्यात कोणाला दाखवू असं मला कोणी विचारलं की मी सध्या याच क्लिनिकचं नाव सांगते, कारण इथल्या डॉक्टर मॅडम पेशंटची हिस्ट्री (म्हणजे त्रास, औषधं, काम, घर याची सगळी विचारपूस) घेतात आणि ती अगदी नीट, वेळ देऊन घेतात. मी स्वतः मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स होते, आता रिटायर झालेय, त्यामुळे हिस्ट्री कशी घेतात आणि घेतल्यासारखी कशी दाखवतात हे दोन्ही आयुष्यभर बघितलंय. म्हणूनच हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आम्ही दाखवायला नेलं होतं माझ्या मोठ्या दिरांना. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सत्तरीचे आहेत, कळव्याला राहतात, चौथा मजला, जुनी बिल्डिंग. सुका खोकला आणि हळूहळू वाढत गेलेली धाप. आधी जिथे दाखवत होतो तिथलं नाव मी घेत नाही, पण तिथे अण्णा खुर्चीत टेकायच्या आत प्रश्न सुरू, खोकला आहे का, कफ पडतो का, ताप येतो का, हो नाही हो, झालं, लिहिलं सिरप आणि अँटिबायोटिक. मग दुसरं अँटिबायोटिक. मग "दमा आहे" म्हणून इन्हेलर, आणि तो कसा ओढायचा हेसुद्धा कोणी दाखवलं नाही, केमिस्टने खोका पिशवीत टाकून दिला. एवढं सगळं होऊन त्या माणसाला एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा तू राहतोस कुठे, काम काय करायचास, हे सुरू कधी झालं. याचा मला खरंच राग येतो. मशीन महाग असतं, औषध महाग असतं, विचारायला काय पैसे पडतात?

असो, आता इथलं सांगते.

आत गेल्यावर मॅडमनी आधी अण्णांना बसवलं, दम खाऊ दिला (हे महत्त्वाचं, क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय) आणि म्हणाल्या, "काका, काय त्रास होतोय ते तुमच्या पद्धतीने सांगा, अगदी पहिल्यापासून." आणि पेन खाली ठेवलं. अण्णा म्हणजे बोलायला लागले की सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करणार, तशी केलीच, मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी हातानेच थांबा अशी खूण केली. त्यांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, त्यात दिसलं होतं की पेशंट बोलायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. इथे अण्णा दोन-तीन मिनिटं तरी सलग बोलले असतील आणि त्यातूनच मॅडमना बरंच काही मिळालं, कारण नंतरचे प्रश्न सगळे त्यांच्या बोलण्याला धरून आले.

पहिला प्रश्न, कधीपासून. अण्णा म्हणाले "बरेच दिवस." बहुतेक जण इथे "बरेच दिवस" असंच लिहून पुढे जातात. मॅडम म्हणाल्या, दिवाळीत होता का खोकला? होता. गणपतीत? गणपतीत नव्हता, नाही, जायच्या आधी होता, गावाला कमी होता. नवरात्रात? हो, तेव्हा परत. असं करत करत त्यांनी कागदावर एक रेघ मारून त्यावर सण मांडले आणि खोकला कुठे सुरू, कुठे कमी, कुठे जास्त, सगळं त्यावर उतरवलं. आपल्या माणसांना तारखा आठवत नाहीत पण सण आठवतात, आणि हे ज्या डॉक्टरला कळतं त्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं. कालावधी एवढा का महत्त्वाचा तर तीन आठवड्यांच्या आतला खोकला बहुतेक वेळा साध्या व्हायरलचा असतो, आठ आठवड्यांच्या पुढे गेला की तो जुनाट खोकला, त्याची कारणं पूर्ण वेगळी शोधायची. आणि आपल्याकडे तर दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासायचीच असा सरकारी नियमच आहे, ती तपासणी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते, हे अजूनही कित्येकांना माहीत नाही.

मग खोकला कुठल्या वेळेला जास्त. पहाटे तीन-चारला उठवतो का, छातीत शिट्टी वाजते का, लहानपणी दमा होता का, घरात कोणाला, शिंका, अंगाला खाज (हे दम्याकडे जातं). आडवं झाल्यावर किंवा जेवल्यावर येतो का, आंबट ढेकर, घशाशी जळजळ (हे पित्ताकडे). घशात मागून काही उतरल्यासारखं वाटतं का, सारखं खाकरावं लागतं का (हे नाकाकडे). मी बाजूला बसून मनातल्या मनात टिक करत होते आणि एकही सुटला नाही.

कफाचं पण तसंच. पडतो की नाही एवढ्यावर थांबल्या नाहीत, चमचाभर की वाटीभर, पांढरा पिवळा हिरवा, वास येतो का, एका कुशीवर झोपलं की जास्त सुटतो का. आणि मग आवाज न बदलता, शांतपणे, "कधी रक्त दिसलंय का काका, थुंकीत एखादी रेघसुद्धा?" हा प्रश्न विचारताना पेशंट घाबरतो आणि नाही म्हणून टाकतो, म्हणून त्यांनी लगेच पुढे समजावलं की हिरड्यांतून, नाकातूनही येतं, घाबरायचं कारण नाही पण सांगायचं मात्र नक्की. अण्णांना नव्हतं. तुमच्या घरात कोणाला असेल तर कृपा करून घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका, लगेच दाखवा.

धापेचं विचारणं तर मला इतकं आवडलं की मी घरी येऊन नवऱ्याला करून दाखवलं. "काका, कळवा स्टेशनचा पूल चढता का? मध्ये थांबता का? किती पायऱ्यांनी?" "सपाट रस्त्यावर काकूंच्या बरोबरीने चालता येतं का, की त्या पुढे जातात?" इथे जाऊबाई पटकन म्हणाल्या, "हल्ली मीच थांबते यांच्यासाठी, मार्केटात पिशवी पण मीच घेते." अण्णांनी तोवर आम्हाला कोणालाच हे सांगितलं नव्हतं. "आंघोळ करताना, शर्ट घालताना दम लागतो का?" धापेची एक ग्रेड असते, शून्य ते चार, फक्त जोरात पळापळ केल्यावर दम लागला तर शून्य, आपल्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं ती दोन, शंभर मीटरवर थांबावं लागतं ती तीन, कपडे घालतानाच दम लागतो, घराबाहेर पडवत नाही ती चार. मॅडमनी पुस्तकातली ग्रेड कळव्याच्या पुलावर आणून विचारली म्हणून खरं उत्तर मिळालं. नुसतं "दम लागतो का" विचारलं असतं तर अण्णा "थोडा थोडा, वयामुळे" म्हणाले असते, आधीच्या ठिकाणी तेच म्हणाले होते.

त्यानंतर उशा किती घेता, रात्री गुदमरून उठून बसावं लागतं का, संध्याकाळी पायावर सूज, चपलेचा वळ उठतो का. हे हृदयासाठी. धाप लागली म्हणजे फुफ्फुसच असं नसतं, हार्टचा पेशंट कफ सिरप पीत बसलेला मी वॉर्डला कितीदा बघितलाय.

औषधांबद्दल एक टिप देते, अपॉइंटमेंट घेताना रिसेप्शनवरूनच सांगतात की चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, यादी नको, पाकिटं. मॅडमनी ती सगळी टेबलावर ओतायला लावली आणि एकेक उचलून बघितली. बीपीची गोळी त्यांनी सगळ्यात आधी शोधली, कारण बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी प्रिल येतं, रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, त्यांनी काही लोकांना सुका खोकला लागतो, कधी कधी गोळी सुरू होऊन महिने झाल्यावर, आणि माणूस वर्षभर सिरप पितो. अण्णांची ती नव्हती, दुसरी होती, तो मुद्दा खोडला. मग विचारलं डोळ्यांत ड्रॉप्स टाकता का. हा प्रश्न किती डॉक्टर विचारतात? काचबिंदूच्या काही ड्रॉप्समध्ये टिमोलॉल असतं आणि त्याने दम्याच्या माणसाचा श्वास आवळू शकतो. अण्णा टाकत नव्हते, तोही खोडला. काढा, चूर्ण, गावठी औषध, तेही विचारलं, न रागावता.

मग नोकरी. "शाळा सोडल्यापासून कुठे कुठे काम केलंत, सगळं सांगा." अण्णा सुरुवातीला वागळे इस्टेटला एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) होते. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ला एमआयडीसी सुरू झाली तेव्हाची, ठाण्यातल्या जुन्या घरांमधून कोणी ना कोणी तिथे कामाला असायचंच. साच्यातून काढलेल्या कास्टिंगवरची वाळू घासून काढायचं काम अण्णांनी काही वर्षं केलंय, तोंडाला नुसता रुमाल. ती वाळूची बारीक धूळ, सिलिका, फुफ्फुसात बसली की काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही त्रास देऊ शकते. ॲस्बेस्टॉसचं तर वीस, तीस, चाळीस वर्षांनी निघतं. त्यामुळे "आता काय करता, रिटायर? ओके" असं म्हणून पुढे जाणं म्हणजे अर्धी हिस्ट्री सोडून देणं. इथे तर जाऊबाईंनाही विचारलं की तेव्हा त्यांचे कामाचे कपडे तुम्ही धुवायचात का, झटकायचात का. घरच्या बाईच्या फुफ्फुसाचा विचार करणारी डॉक्टर, मला तर तिथेच हात जोडावेसे वाटले. नवी मुंबईत तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यात काम केलेली किती माणसं आपल्याकडे आहेत, दगडखाणीत, केमिकलमध्ये, पेंटिंगला. दाखवायला जाल तेव्हा कामाचं स्वतःहून सांगा, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का हेही आठवून जा, कामाच्या जागेमुळे होणारा दमा बऱ्याचदा तिथेच पकडला जातो.

विडी-सिगारेटचं विचारायच्या आधी आम्हा दोघींना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. बरोबर केलं. बायकोसमोर, भावजयीसमोर माणूस खरा आकडा सांगत नाही. अण्णांनीच नंतर सांगितलं की किती, कधी सुरू, कधी सोडली एवढंच विचारलं आणि पॅक-इयर काढलं, म्हणजे दिवसाला दहा सिगारेट वीस वर्षं ओढल्या तर वीसच्या पाकिटाच्या हिशोबाने दहा पॅक-इयर. लेक्चर दिलं नाही, उलट सोडलीत ते उत्तम केलंत म्हणाल्या. अण्णांचा चेहरा खुलला होता बाहेर आले तेव्हा.

वजन, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पट्ट्याचं भोक मागे सरकलं का, घरात किंवा शेजारी टीबी झाला होता का, शुगर, कोविड कितपत झाला होता, हे सगळं पटापट झालं. आणि मग घर.

इथे जरा थांबते, कारण आमची खरी गोष्ट इथेच आहे. भिंतीला ओल आहे का, बुरशी, कूलर लावता का, पिसांची उशी, अगरबत्ती, डासांची कॉइल, कुत्रा-मांजर, पोपट. सगळ्याला नाही नाही चाललं होतं. मग मॅडमनी परत तो सणांचा कागद पुढे ओढला आणि बोट ठेवून विचारलं, "गणपतीला गावाला कमी होता म्हणालात. किती दिवसांनी बरं वाटायला लागलं? आणि परत आल्यावर किती दिवसांत सुरू झालं?" अण्णा म्हणाले, तिकडे हवा चांगली ना, आठवडाभरात बरं वाटतं, इकडे आलो की दोन-चार दिवसांत ये रे माझ्या मागल्या. "तुम्ही घरात जास्त वेळ कुठे बसता?" खिडकीपाशी, आरामखुर्चीत. "खिडकीच्या बाहेर काय आहे?"

जाऊबाई गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "कबुतरं येतात. मी दाणे घालते." ग्रिलमध्ये वाटी बांधलेली, खाली एसीच्या डब्यावर थर साचलेला, रोज सकाळी दाणे घालायचे हा त्यांचा बरीच वर्षं नेम, सासूबाई गेल्यापासूनचा. मॅडमनी भुवईसुद्धा उंचावली नाही. म्हणाल्या, "काकू, तुम्ही चांगल्या मनाने करता, तुमची काहीच चूक नाही, पण काकांच्या फुफ्फुसाला ते सोसत नसेल अशी शंका आहे, आपण तपासून बघू." मी वॉर्डला असताना नातेवाइकांना झापणारे डॉक्टर खूप बघितले, झापलं की नातेवाईक पुढच्या वेळी लपवतात, इतकं साधं आहे ते.

त्यानंतर पाठीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू तळापर्यंत ऐकल्या, नखं बघितली, बसल्या जागी ऑक्सिजन ९६, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवून आणलं तर ९०. मग एक्सरे, एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन), पीएफटी (फुंकायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजतात ती), थुंकी, रक्त. म्हणजे तपासण्या इथेही होतातच, पण काय शोधायचंय ते ठरवून लिहिलेल्या. रिपोर्ट आल्यावर निघालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुफ्फुसाला आलेली सूज. टीबी नाही, आणि तो दमा पण नव्हता. मी नंतर वाचलं, २०१७ साली भारतातल्या, फुफ्फुसाला सूज येऊन व्रण धरणाऱ्या आजारांची (आयएलडी) एक मोठी नोंद प्रसिद्ध झाली, १०८४ पेशंट, त्यात जवळजवळ ४७ टक्क्यांना हाच आजार होता, आणि कूलर, बुरशी, पक्षी ही कारणं त्यात आहेत. इतका कॉमन असून खिडकीबाहेर काय आहे हे विचारत नाहीत! १९७५ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास तर आम्हाला ट्रेनिंगमध्येच ऐकवायचे, ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हिस्ट्री घेऊनच बरोबर निघालं होतं. पुढे सगळी मशीनं आली तरी हे बदललेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचार म्हणजे पहिलं कबुतरं बंद. साफसफाई करताना अण्णांना आमच्याकडे आणून ठेवा, सगळं आधी पाण्याने ओलं करून मगच खरवडा, सुकं झाडू नका, एन-९५ मास्क लावा, मग जाळी, हे सगळं मॅडमनी कागदावर लिहून दिलं. थोडे दिवस स्टेरॉइड, हळूहळू कमी करत, शुगरवर लक्ष ठेवून. आता अण्णा बरे आहेत, खोकला जवळपास गेलाय, पुलावर एकदा थांबतात. पूर्वीसारखे शंभर टक्के होतील असं मॅडमनी खोटं आश्वासन दिलं नाही, फुफ्फुसात जिथे व्रण धरलाय तो भाग परत येत नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि हेही मला आवडलं. जाऊबाईंना जड गेलं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान उठलं, कोर्टात गेलं, तेव्हा त्या टीव्हीसमोर बसून कबुतरांच्या बाजूने बोलायच्या. आता सकाळी खाली उतरून गल्लीतल्या गाईला चारा घालतात, मॅडमनी विचारल्यावर तसं सांगितलंही.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. लिफ्ट नाही. छातीचं क्लिनिक आणि पहिला मजला चढून जायचा, हे बरोबर नाही, निदान मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवा, मी रिसेप्शनला सांगून आलेय. वेटिंग भरपूर, कारण प्रत्येक पेशंटला वेळ देतात, दिलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास धरून चला, डायबेटिसवाल्यांनी खाऊन जा. वेटिंगची जागा लहान, सगळे खोकणारे एकमेकांना चिकटून बसलेले, खिडकी उघडी ठेवायला हवी आणि मास्क सक्तीचा करायला हवा. रिसेप्शनवरची मुलगी फोनवर जरा तुटक बोलते पण काम चोख आहे. पहिल्या व्हिजिटचे हजार रुपये, फॉलोअप कमी, जीपे चालतं. मला फी अजिबात जास्त वाटली नाही, आधीच्या ठिकाणी दोन मिनिटांचे आठशे द्यायचो.

पार्किंग विसरा, गोखले रोडला संध्याकाळी गाडी लावणं अशक्य, स्टेशनवरून रिक्षाने या आणि दारात उतरा. सोबत जुने एक्सरे, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पेशंटबरोबर एकाच घरात राहणारं एक माणूस न्या, लांबून आलेला मुलगा किंवा जावई नको, रोजचं बघणारं माणूस. इन्हेलर चालू असेल तर तोही न्या, मॅडम समोर ओढायला लावतात आणि चुकत असेल तर शिकवतात. सकाळच्या ओपीडीला गर्दी कमी असते, रविवारी बंद.